आईचा दुसरा डोळा

मेर्शा,

तुझं प्रदर्शन भरवतायत. राजधानीत, अदिसमध्ये, तू गेल्यावर चौदा महिन्यांनी. जिवंत होतास तेव्हा ह्याच लोकांनी चार चित्रं टांगायला भिंत देतो म्हणून तुला तीन वर्षं झुलवलं होतं. आता जाड कागदाची पुस्तिका छापतायत, आणि तिच्यात तुझ्याबद्दल जे छापायचंय ते माझ्याकडे पाठवलंय, "मोठ्या बहिणीने एकदा नजरेखालून घालावं" म्हणून. घातलं. पहिलीच ओळ अशी की मेर्शा वोल्दे-तेन्साये हा दोन जगांना जोडणारा पूल होता, त्याचा एक पाय आफ्रिकेत होता आणि एक युरोपात. मी पेन्सिल भिरकावली. अरे, पुलावरून लोक गाढवं हाकतात! आणि एक पाय इकडे, एक तिकडे टाकून माणूस कशासाठी उभा राहतो ते आपल्या गोंदरच्या कुठल्याही गल्लीतलं पोर सांगेल.

त्यांना म्हटलं, तुमचं राहू द्या, मीच दोन पानं लिहून देते. चार झाली तर चार छापा. नाही आवडली तर चुलीत घाला, पण माझं वाक्य सुधारायचं नाही. मी चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत इतिहास शिकवलाय. लाल शाई माझ्याकडे असायची.

तर ऐक. तुला सगळं माहीत आहे, पण त्यांना नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

आपले वडील चर्चची चित्रं काढायचे. थेट भिंतीवर नाही, कापडावर. आई टकळीवर सूत काढायची, उतारावरच्या मुसलमान आळीत सिराज विणकराचा बाप ते विणायचा, वडील अंगणात कापड ताणून त्याला सरस आणि खडूचा हात द्यायचे. चित्र झालं की गुंडाळी खांद्यावर टाकून टेकडीवरच्या मरियमच्या चर्चमध्ये न्यायची आणि गाभाऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला खळीने चिकटवायची. मरियमच्या अंगाखालचं कापड पिढ्यानपिढ्या सिराजच्या घरच्यांनी विणलं, त्याचं कुणाला कधी काही वाटलं नाही. आपल्या लोकांना कशाचं वाटेल आणि कशाचं नाही, ह्याला काही शेंडाबुडखा नाही.

रंग आपण दोघं वाटायचो. तू काजळी, कारण तू आधीच काळाकुट्ट माखलेला असायचास. मी लाल माती. वडिलांचा नेम होता, डोळे शेवटी. अख्खी भिंत भरली, घोडे झाले, भाले झाले, मग एक दिवस कडक उपास करून, कुणाशी न बोलता ते फक्त डोळे काढायचे. संतांना, देवदूतांना, भल्या माणसांना समोरून, टपोरे, दोन. सैतानाला, यहूदाला, चाबूक मारणाऱ्या शिपायांना बाजूने, एकच. वाईटाची पुरती नजर बघणाऱ्यावर पडू नये म्हणून. हे कुणाला शिकवावं लागत नाही. एक अक्षर न येणारी म्हातारी चर्चमध्ये शिरते, भिंतीवरचे डोळे बघते आणि कोण कुणाच्या बाजूचा ते ओळखते.

आणि तुला तर चांगलंच माहीत होतं, मेर्शा. सात वर्षांचा होतास. चर्चच्या शाळेत तेव्हा हाब्ते नावाचा तरणा पाद्री शिकवायचा, छडी घेऊन. त्याने तुला बडवलं म्हणून तू शाळेच्या भिंतीवर कोळशाने त्याचं चित्र काढलंस. नाक हुबेहूब. दाढीचे चार केस हुबेहूब. आणि डोळा एक. सगळी वस्ती बघायला लोटली. वडिलांनी तुला झोडपलं आणि मग आत येऊन तोंडात शाल कोंबून हसले, ते मी पाहिलं. तेव्हा पुढे लोक जे म्हणायला लागले, की पोरगं परदेशात जाऊन आपली रीत विसरलं, ते मला कुणी सांगू नये. विसरला नव्हतास.

मी सम्राटाच्या कॉलेजात गेले. वर्गात आम्ही मुली पाचजणी. नोकरी लागल्यावर तुला अदिसच्या चित्रशाळेत घातलं, आणि तिथून तुला जर्मनीची शिष्यवृत्ती मिळाली. चार वर्षं. तिकडून तू पत्रं लिहायचास ती अजून माझ्याकडे आहेत. पहिल्या वर्षी नुसता उजेड. उजेड एका बाजूने आला की गालाला गोलाई कशी येते, सावलीतही रंग कसा असतो, खिडकीशी बसलेल्या म्हाताऱ्या बाईचे हात तिकडच्या लोकांनी कसे रंगवलेत. वेडा झाला होतास आनंदाने. मग दुसऱ्या वर्षीचं पत्र, मला तू एटिये म्हणायचास, म्हणजे ताई: "एटिये, आज प्रोफेसर म्हणाले, हे छाया-प्रकाश आमचं आहे, तू कशाला करतोस? तुझ्या घरचे ते मोठे डोळे काढ, ते तुझं आहे. मला इथे शिकायला बोलावलं आणि आता सांगतात शिकू नकोस."

मी उत्तर लिहिलं होतं की त्या प्रोफेसरला विचार, तुम्ही बटाटा खाता तो तुमच्या बापाने शोधला का. तू विचारलं नसशील. तू बाहेर गाय आणि घरात वाघ.

त्या थंडीत तू आईला काढत बसायचास, आठवणीने. कॉफी भाजताना ती चुलीशी बसायची, तू तिच्या शेजारी, आणि दारातून उजेड यायचा. लहानपणी तुला ती तशीच दिसायची, बाजूने. एक गाल, एक कान, धुराने बारीक केलेला एक डोळा. तशी शंभरेक चित्रं ट्रंकेतून घेऊन आलास.

आलास तेव्हा वडील जाऊन दोन वर्षं झाली होती आणि चर्चचं छप्पर गळून उत्तरेकडचं कापड सडलं होतं. तोवर हाब्ते आबा हाब्ते झाला होता, चर्चचा प्रमुख. त्याने निरोप धाडला: नवं कापड वोल्दे-तेन्सायेच्या मुलाने करावं. सूत आईने दिलं. सगळ्या भिंतीचं सूत! दोन वर्षं, एकूण एक उपासाच्या दिवशी, ती टकळी घेऊन बसलेली मी पाहिली आहे. आणि जो भिंतीचं दान देतो त्याला खाली मरियमच्या पायाशी काढतात, नावासकट, ही आपली रीत. आईने जन्मात स्वतःसाठी काही मागितलं असेल तर एवढंच. मला म्हणाली, "येशी, मी मेले तरी तिच्या पायाशी असेन गं. पाऊस नाही, ऊन नाही."

पाच महिने तू पडवीला पडदा लावून काम केलंस. तिला बघू दिलं नाहीस. मरियमच्या सणाला कापड भिंतीवर चढलं, आबाने तेल लावून आशीर्वाद दिला, पडदा बाजूला ओढला.

खरं सांगते, आणि हे मी तुला जिवंतपणी एकदाही सांगितलं नाही: तसं चित्र मी जन्मात पाहिलेलं नाही. वर मरियम, अगदी वडिलांच्या हातची वाटावी अशी, समोरून, ते डोळे. आणि तिच्या पायाशी आपली आई, गुडघ्यावर, वर बघतेय, बाजूने. मरियमचा उजेड तिच्या गालावर. गालावरची भाजल्याची खूणसुद्धा. आत्ता श्वास घेईल.

आणि डोळा एक.

बायकांच्या बाजूला आधी माना उंचावल्या. मग मागून कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, अत्सेदेला हे काय केलंय!" कुणी हसली. आपल्या आईने गर्दीतून वाट काढली, पार भिंतीपाशी गेली, मान वाकडी करून कापडाच्या कडेला बघितलं, जणू पलीकडे काही असेल.

"बाळा," ती म्हणाली, "माझा दुसरा डोळा कुठाय?"

"पलीकडच्या बाजूला आहे, एमाये. तू मरियमकडे बघतेयस ना, म्हणून इथून दिसत नाही."

"मरियमला दिसतो?"

"तिला दिसतो."

"मग लोकांना का नाही?"

तू उजेडाबद्दल काहीतरी बोलायला लागलास. उजेडाबद्दल! तिच्याशी! आबा हाब्ते हातातला क्रूस खाली करून म्हणाला, "मेर्शा, एकदा माझा डोळा काढून घेतलास तेव्हा मी छडीने समजावलं. आज आईचा घेतलास. आता तुला कोण छडी मारणार?" तेल लागलेलं कापड उतरवता येत नाही. ते राहिलं.

त्या दिवसापासून आई चर्चमध्ये आत गेली नाही. बाहेर, आवाराच्या भिंतीशी जुन्या झाडाखाली उभी राहायची. उपास मोडलेले, विटाळाच्या बायका, भावाशी भांडून आलेले, जे जे स्वतःला आत जायच्या लायक समजत नाहीत त्यांच्यात. बारा वर्षं. मी सांगितलं, शेजारणींनी सांगितलं. शेवटी आबा स्वतः बाहेर आला, "अत्सेदे, चित्राचं चित्रापाशी, तू आत ये." ती म्हणाली, "आत आहे ना मी एक. तिचं काय ते ठरू दे, मग दुसरी येईन."

मी तुझ्या डोक्यावर बसले. "एक ठिपका दे."

"एटिये, कानावर डोळा काढू?"

"काढ! कानावर काढ, नाकावर काढ!"

"चेहरा खोटा होईल."

"होऊ दे खोटा. ती आत जाईल."

"मी तिला सैतान नाही केलं. मी तिला जशी पाहिली तशी काढली. लोकांना डोळे मोजायचेत, मी काय करू?"

"तू जर्मनीत वाढलास का रे? तूही मोजतच वाढलास!"

मग तो तुझा प्रोफेसर येऊन गेला, जाड भिंगांचा, कॅमेरा घेऊन. त्याने मासिकात लिहिलं की ह्या एका डोळ्यात दोन खंडांची गाठ पडते. मी ते आईला आपल्या भाषेत वाचून दाखवलं. तिने इंजेराचा घास खाली ठेवला. "ह्या गृहस्थाला डोळे किती?"

"दोन, एमाये."

"मग त्याला काय."

इकडे वस्ती तुला फिरंगी म्हणायची आणि तिकडचे म्हणायचे हा पुरेसा आफ्रिकी नाही. पुस्तिकेत ह्याला "सर्जनशील ताण" असं नाव दिलंय. ताण कसला! दोन्हीकडून लाथा. आपल्याला जे भावलं ते उचलायला माणूस मोकळा असतो. वडिलांनी निळीची पूड हिंदुस्थानातून आलेली वापरली, सिराजच्या बापाने कापड कुणाचं नाव घेत विणलं ते मरियमने विचारलं नाही. पण तुझ्या बाबतीत प्रत्येकाला दाखला हवा होता. आणि तूही दाखले देत बसलास, हा माझा तुझ्यावरचा राग.

मग क्रांती झाली, सम्राट गेला, तुझ्यासारख्या चित्रकारांना चौकातले फलक रंगवायला जुंपलं. साम्यवाद्यांचे ते तीन दाढीवाले गुरू, एकामागे एक, सगळे बाजूने. तू ते दोन मजली उंच काढलेस आणि बाजारातल्या म्हाताऱ्या खाली उभ्या राहून मोजायला लागल्या. एक, एक, एक. "निदान सरकार लपवत तरी नाही," असं एक मिरचीवाली म्हणाली, आणि पदराआड सगळा बाजार हसला. वस्तीच्या समितीचा माणूस तुझ्याकडे आला: "कॉम्रेड, लोक फलकाखाली हसतात का?" तू म्हणालास, "आनंद होतो त्यांना." त्या वर्षी आई एकदाच हसलेली आठवते. घरी येऊन म्हणाली, "चला, मला सोबत झाली."

ती हसली, आणि तू उठून बाहेर गेलास.

त्यानंतर तू चेहरे काढलेच नाहीस. पाठमोऱ्या बायका. पाणी आणणाऱ्या, सरपण वाहणाऱ्या, बाजाराला निघालेल्या, सगळ्या पाठीवरून. ह्या चित्रांवर पुस्तिकेत तीन पानं आहेत: वसाहतीने आफ्रिकेचा पुसून टाकलेला चेहरा म्हणे. कुठली वसाहत? पाच वर्षं इटालियन येऊन बसले, त्यांना आपण हाकललं, एवढं तरी वाचायचं पेन उचलण्याआधी. वसाहतीने कुणाचा चेहरा पुसला असेल तर असेल. तू डोळ्यांना घाबरत होतास. किती काढायचे ते तुला ठरवता येईना, म्हणून तू बायकांना वळवून उभं केलंस. ती पाठ आपल्या आईची आहे, झाडाखाली चर्चच्या भिंतीकडे तोंड करून उभी. प्रत्येक चित्रात. पानं तीन लिहिली आणि एवढं दिसलं नाही.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा तू माझ्या शाळेत आलास, मधल्या सुट्टीत. मी तेव्हा डबा उघडला होता, शिरो-इंजेरा. तू खाल्लं नाहीस. म्हणालास, "एटिये, करतो."

"काय करतोस?"

"चेहरा. पहिल्याला हात नाही लावायचा. त्याच सुताचं वीतभर कापड विणून घेऊ, त्यावर समोरून चेहरा काढतो आणि वरून चिकटवतो. आबाला विचारलंय."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, बारा वर्षं लागली तुला. तेल मी लावतो, ये."

आईकडे त्या सुताचा एक गोळा उरला होता; तिने तो बिस्किटांच्या डब्यात ठेवून माझ्या हवाली केला होता. तू म्हणालास, "तो सिराजकडे दे. दोन दिवसांचं काम आहे त्याचं. कापड हातात आलं की मी घरी येतो. रिकाम्या हाताने तिच्यासमोर जाववत नाही."

आणि मी काय म्हटलं? माझी जीभ तुला माहीत आहे. "आधी घरी ये. तिच्यासमोर बस आणि म्हण, चुकलो. मग नेते सूत."

"चुकलो नाही मी. पण करतो म्हणतोय ना."

"मग तू आणि तुझं ते 'नाही', दोघं मिळून विणा."

तू दोनदा निरोप पाठवलास. मी दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं. सिराजचं घर आपल्या दारापासून उतारावर, दगड घरंगळत सोडला तर त्याच्या अंगणात जाऊन थांबेल. माझं सगळं बरोबर होतं, मेर्शा. तिची माफी तू मागायलाच हवी होतीस. मी आजही तेच म्हणेन. पण आई तिकडे भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि रोज विचारायची, "मेर्शा आला का? आबाने काय ठरवलं?" तिला काहीतरी कळलं होतं, कुणीतरी बोललं असणार. मी म्हणायचे, "येईल, एमाये, येईल." तुला धडा शिकवत होते मी. शिक्षिका ना.

एकोणीस दिवसांनी ती गेली. प्रार्थनेला तिला आत नेलं. आबाने तिची तिरडी मुद्दाम उत्तरेकडच्या भिंतीशी ठेवली. तू पुरुषांच्या बाजूला, मी बायकांच्या, आणि दोघांनीही वर बघितलं नाही.

त्यानंतर बावीस वर्षं तू दर रविवारी माझ्याकडे जेवलास. तिखटावरून भांडलास, माझ्या गुडघ्यांना लावायला तेल आणलंस, सरकार बदललं तेव्हा आपण दोघांनी रेडिओशी बसून शिव्या घातल्या. कापडाचा विषय तू काढला नाहीस. मीही काढला नाही. आई गेली तरी ठिगळ लावता आलं असतं. चित्रातली ती तर आहे अजून तिथेच, सैतानाच्या रांगेत, आणि दर सणाला नव्या पोरी बोट दाखवून विचारतात, ही कोण दुष्ट बाई.

तुझी खोली आवरताना गादीखाली एक कागद सापडला. हाताच्या पंजाएवढा. आईचा चेहरा, समोरून. वडिलांसारखी काळी कड, आणि डाव्या गालावर तुझा तो जर्मन उजेड. भाजल्याची खूण. डोळ्यांच्या जागा कोऱ्या. डोळे शेवटी; ते कापडावरच काढायचे, उपास करून. अदिसवाल्यांनी तो कागद मागितला, पूर्ण नाही तरी चालेल म्हणाले. दिला नाही. तुमच्या पुलावर टांगायला नाही तो, असं सांगितलं.

परवा सिराज बाजारात भेटला. आता त्यालाही काठी लागते. माग काढून टाकतोय म्हणाला, पोरांना नको आहे. मग थांबला आणि म्हणाला, "एटिये, मेर्शाने मला एक वीतभर कापड सांगून ठेवलं होतं, सूत तुमच्याकडून येईल म्हणून. किती वर्षं झाली. येणार होतं ना?"

"येणार होतं," मी म्हटलं.

"मग आणा की. महिनाअखेरपर्यंत माग उभा आहे."

आज महिन्याची पंचवीस. डबा फळीवर आहे, मी दोनदा खाली काढला आणि दोनदा वर ठेवला. सिराज विणून देईल, आबा हाब्ते नव्वदीचा आहे पण तेल लावायला त्याचा हात अजून उठतो. कापड घेऊन मी कुणाकडे जाऊ, ते तू सांगितलेलं नाहीस.